लेकीचं बीपी आणि एका पट्ट्याची शोधाशोध

‘एवढ्याशा मुलीचं कुठे बीपी बघतात?’ हे इतक्या काउंटरांवर ऐकून घेतलंय की आता नुसत्या त्या वाक्यानेच माझं वाढतं.

गरोदरपणात माझं बीपी 140/90च्या वर गेलं, लघवीत प्रोटीन सापडलं. प्रीएक्लॅम्प्सिया. गोळ्या, लवकर सिझेरियन, बाळ थोडे दिवस काचेच्या पेटीत. ते सगळं निभावलं. पुढे लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी माझं डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि म्हणाले, तीन वर्षांची झाली की दरवर्षी हिचं बीपी बघायचं. अशा आयांच्या मुलांचं वरचं बीपी सरासरी दोन-तीन आकड्यांनी जास्त भरतं. हेलसिंकीत 1934 ते 1944 दरम्यान जन्मलेल्यांचा माग काढला, तेव्हा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या आयांच्या मुलांना मोठेपणी पक्षाघाताचा धोका जवळपास दुप्पट दिसला. यात वारेचा दोष किती आणि आईबापांकडून आलेलं किती, यावर अजून वाद आहे.

ती वेळ आली तेव्हा त्यांच्याकडचा बीपी मोजायला दंडाला गुंडाळतात तो लहान मुलांचा पट्टाच चिकटेना, म्हणून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सिस्टरने मोठ्या माणसांचा पट्टा लेकीच्या दंडाला गुंडाळला. खांद्यापासून कोपराच्या खालीपर्यंत! ‘नॉर्मल आहे, न्या.’ मी म्हटलं, मोठ्या पट्ट्यावर आकडा कमी येतो, लहानवर जास्त. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के हवी, लांबी 80 ते 100 टक्के. ‘मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?’ नाही, आई आहे. लहान मुलांच्या ओपीडीत गेले तर पट्टा आयसीयूत. आयसीयूवाले म्हणाले, बाहेर देत नाही. केसपेपर काढा, मग बघू. केसपेपरच्या रांगेत जेवणाची सुट्टी झाली. तोवर लेक भुकेने रडायला लागली, आणि रडत्या मुलाचं बीपी मोजण्यात काही अर्थ नसतो. शेवटी एका निवासी डॉक्टर मुलीने वॉर्डातून पट्टा आणला. लेकीला पाच मिनिटं शांत बसवलं, पाय टेकवले, उजव्या हातावर मोजलं. 92/56. वय आणि उंचीच्या तक्त्यात अगदी ठीक.

हो, उंची आधीच मोजून न्या, तिच्याशिवाय तो तक्ता उपयोगाचा नाही. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर बाळंतपण झालेल्या हॉस्पिटलात लेखी अर्ज करा. नियमाने 72 तासांत कागद द्यावे लागतात, पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं, म्हणून वेळेत मागा. त्याच खुर्चीत मी माझंही मोजून घेतलं, कारण हृदयविकाराचा धोका आईलाही साधारण दुप्पट असतो, आणि बाळंतपणानंतर त्याबद्दल मला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आधी फोन करणार आहे. डॉक्टर आहेत का, हे नंतर. लहान मुलांचा पट्टा आहे का आणि तो चिकटतो का, हे पहिलं विचारणार.