केरीतली संतांची वाट

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी परगणा आहे आणि त्यात समुद्रात घुसलेलं डिंगल द्वीपकल्प. तिथल्या व्हेंट्रीच्या किनाऱ्यापासून ब्रँडन पर्वताच्या पायथ्यापर्यंत १८ किलोमीटरची जुनी यात्रेची वाट जाते. लहानपणी आजोबांबरोबर आळंदीहून चाललो होतो, तेव्हापासून यात्रा म्हणजे पायीच, हे मनात पक्कं बसलंय. त्यामुळे डब्लिनला राहायला आल्यावर ही वाट खुणावत होतीच.

आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म कुणी आणला म्हटलं की सगळे सेंट पॅट्रिकचं नाव घेतात. पण इ.स. ४३१ मध्ये पोपनं पॅलेडियसला बिशप म्हणून इथे पाठवलं, ते आधीच ख्रिस्ती झालेल्या आयरिश लोकांसाठी. आणि पॅट्रिक केरीत कधी आलाच नाही, लांबूनच आशीर्वाद देऊन परतला, असं इथले लोक सांगतात. इथे धर्म रुजवला तो छोट्या छोट्या मठांनी. पाच-दहा माणसं एखाद्या माळावर दगडी कुंपण घालायची, आत झोपड्या आणि प्रार्थनेची खोली बांधायची, शेती करायची. बहुतेकांची नावंही उरली नाहीत.

खिंड ओलांडल्यावर मी वाट सोडून पश्चिमेला रीअस्कला गेलो. तिथे अशाच एका मठाचं जोतं उघडं आहे. १९७० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या मातीच्या कुंभांचे तुकडेही सापडले. इतक्या आडबाजूच्या मठाचा समुद्रापलीकडे संबंध होता! मधोमध माणसाच्या छातीएवढा एक उभा दगड आहे. वर वर्तुळात क्रूस, खाली वेलीसारखी वळणं. कोरीव रेघ अजून बोटाला लागते.

मठ ओस पडल्यावर या जागेत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा विधी, न झालेली बाळं पुरत. चर्चच्या नियमानुसार अशा बाळांना पवित्र भूमीत जागा नव्हती. मग आईबापांनी काय करावं? गावकऱ्यांनी त्यांना जुन्या संतांच्या कुशीत ठेवलं. माझ्याबरोबर एक आयरिश आजी चालत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या गावाकडेही असं एक शेत आहे. माझ्या आजीचं पहिलं बाळ तिथे आहे. ती तिकडे बघितल्याशिवाय कधी पुढे जायची नाही." नियमानं ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांना या पडक्या कुंपणानं आत घेतलं. मठ बांधणाऱ्यांची खरी पुण्याई मला इथे दिसली. आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो.

पुढे गॅलरस. उपड्या होडीसारखी ही दगडी प्रार्थनाखोली केरीच्या प्रत्येक चित्रात असते. तिच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बांधणी मात्र नीट बघण्यासारखी आहे. चुना नाही, माती नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवत वर दोन्ही भिंती एकत्र आणल्यात आणि दगड जरासे बाहेरच्या बाजूला उतरते ठेवलेत, म्हणजे पाणी आत न येता ओघळून जातं. दाराच्या वर आतल्या बाजूला भोकं पाडलेले दोन दगड पुढे आलेत, दार अडकवायला. बाहेर पावसाची झड चालू होती, आत जमीन कोरडी.

किलमॅलकेडरचं चर्च बाराव्या शतकातलं, पण तिथला मठ त्याहून बराच जुना. ज्याच्या नावानं तो ओळखला जातो, तो संत इ.स. ६३६ मध्ये वारला. आवारात उन्हाचं घड्याळ कोरलेला दगड आहे आणि ओघम या जुन्या आयरिश लिपीतला, वर आरपार भोक असलेला एक उंच दगड. इथे सूर्याच्या दिशेनं, म्हणजे उजवी घालून, फेऱ्या मारायची जुनी रीत आहे. आजी प्रार्थना पुटपुटत निघाल्या, मी मागोमाग. प्रदक्षिणा कशी घालायची, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

वाट पायथ्याशी संपते. ९५२ मीटर उंचीचा ब्रँडन पर्वत सहाव्या शतकातल्या सेंट ब्रेंडनचा. चामड्याच्या होडीतून अटलांटिकवर निघालेला संत म्हणून सारा युरोप त्याला ओळखायचा. वर जाताना वाटेवर चौदा क्रूस लागतात. आजींचे गुडघे दुखत होते, त्या खालीच थांबल्या. "माझ्या वाटची एक प्रार्थना वर कर," म्हणाल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. शिखरावर ढग होता. ब्रेंडनच्या प्रार्थनाघराच्या पडक्या दगडांपाशी उभं राहून मी त्या बाळासाठी हात जोडले.