हरणाला आत, गाईला बाहेर

कंपाउंड म्हटलं की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, किती फुटी करायचं? ठाण्यात वागळे इस्टेटला इतकी वर्षं जाळ्या, गेट, कंपाउंड करतोय, प्रश्न बदलत नाही. पण परवा टेक्सासहून मावसभावाचा फोन आला आणि त्यानी जे विचारलं ते मला फार आवडलं. म्हणाला, दादा, असं कुंपण सांग की हरीण आत जाईल आणि गाय बाहेर राहील.

त्यानी सॅन अँटोनिओच्या वरच्या अंगाला, हिल कंट्री म्हणतात तिकडे थोडी जमीन घेतलीय. शेतीची म्हणून नोंद राहिली की तिकडे टॅक्स बराच कमी लागतो, म्हणून शेजाऱ्याच्या गाई चरायला ठेवल्यात. आणि हरणांसाठी फीडर लावलाय, म्हणजे तीन पायांवर उभं पिंप, खाली मोटर, टायमरची वेळ झाली की चकती फिरते आणि मका चहूबाजूला उडतो. तर मोटर वाजली की हरणांच्या आधी गाई हजर, मका फस्त, वर अंग घासून पिंप आडवं करतात ते वेगळंच. आणि हा नुसता मक्याच्या पैशाचा प्रश्न नाहीये, सवय नसताना गाईच्या पोटात एकदम भरपूर मका गेला तर आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर दगावूही शकतं.

आता पिंपाभोवतीच्या कुंपणाची उंची. तिकडचं व्हाइट-टेल हरीण उडी मारण्यात वस्ताद, त्याला पूर्ण अडवायचं असेल तर तिकडे आठ फुटी जाळी मारतात. म्हणजे साडेतीन फूट त्याच्यासाठी काहीच नाही आणि गाय एरवी तेवढ्याला थांबते. पण खरी गंमत उंचीत नाहीच, ती घेरात आहे. हरीण उडी मारून आत यायला तयार होतं ते परत बाहेर पडता येईल असं दिसलं तरच. लहान रिंगणात त्याला कोंडल्यासारखं होतं, उतरायला जागा नाही, पळायला दोन ढांगा नाहीत, मग ते बाहेरूनच मान वर करून बघत बसतं. शिवाय मका सगळीकडून पंधरा-वीस फूट उडतो, रिंगण त्याहून लहान असेल तर दाणे बाहेर पडणार आणि गाई तिथेच मुक्काम ठोकणार. काठावरचे दाणे खायला गाय मान आत घालते तेही धरायला हवं. म्हणून मी सांगितलं पिंपापासून पंचवीस फूट धर, म्हणजे पन्नास फूट व्यास, घेर साधारण १५७ फूट, आठ-आठ फुटांवर खांब.

तो तिथे मिळतात ते तयार पॅनल लावणार होता, १६ फूट लांब, ५० इंच उंच, जाड सळईचे. मजबूत काम, प्रश्नच नाही. पण पाडसाचं काय? आई टुणकन आत आणि पिल्लू बाहेर ओरडतंय. मग त्यानी त्याच्या कॅमेऱ्यातले फोटो पाठवले आणि मी बघतच राहिलो, त्यात ठिपके! चितळ! आपलं येऊरच्या जंगलातलं चितळ! १९३२ साली टेक्सासात आणलं म्हणे, आता तिकडे मोकळं फिरतंय. आणि चितळ शक्यतो उडीच्या भानगडीत पडत नाही, मान खाली घालून तारेखालून सरकतं.

म्हणून पॅनल रद्द, चार तारा. सगळ्यात खालची जमिनीपासून १८ इंचावर आणि गुळगुळीत, काटेरी अजिबात नको, पाडस आणि चितळ खालून जातात तेव्हा पाठ सोलून निघते. मग २४, मग ३०, आणि सगळ्यात वरची ४२ वर, तीही गुळगुळीत. वरच्या दोन तारांत फूटभर अंतर पाहिजेच, ते कमी ठेवलं तर उडी मारताना हरणाचा मागचा पाय दोन तारांत पिळून अडकतो आणि ते तिथेच लटकून मरतं. हे सगळीकडे होतं आणि एक फूट अंतर ठेवलं तर बरंचसं टळतं, म्हणून मी फोनवर तीनदा बोललो. गाय रेटायला लागली तर ३० इंचाच्या तारेला सोलरचं झटका मशीन. रानडुकरं खालून येतील, ते मान्य करायचं.

एक गोष्ट मात्र मी त्याला स्पष्ट बोललो, फीडर मला पटत नाही. एकाच जागी सगळ्यांची तोंडं लागतात. टेक्सासात २०१२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतोय, त्यावर औषध नाही, आणि अशा जागी तो पसरायला सोपं जातं.

आपल्याकडे तर काळजी आणखी वेगळी आहे. अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या खुरकूत नाही, आपल्याकडे तो गोठ्यागोठ्यात माहितीये, आणि दुभंगलेल्या खुराच्या कुठल्याही जनावराला होतो, म्हणजे गाई-म्हशींचा चितळ-सांबरालाही. १०४ चौरस किलोमीटरचं आपलं संजय गांधी उद्यान, एका बाजूला घोडबंदरचे टॉवर, मध्ये येऊरचे पाडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी आहे, पण तहानलेल्या गाईला कायदा कोण वाचून दाखवणार, पाणवठा दिसला की ती जाणार. आणि तिथे तारा मारा असं मी म्हणणार नाही, त्या पाण्यावर बिबट्याही येतो, भेकरही येतं. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांना लस द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, २०१९ पासून केंद्राची मोफत लसीकरण मोहीमही आहे. माझ्या मते आपलं कुंपण म्हणजे ही लस.

अडचण एवढीच की मोकळ्या सवयीची गाय सुईला उभी राहत नाही, चार माणसं लोंबकळतात आणि कोणाला तरी लाथ बसते. म्हणून वर्कशॉपमध्ये उरलेल्या दोन इंची पाइपचा एक खोडा करायला घेतलाय, दोन्हीकडे सरकतं गेट, मान अडकवायला आडवा दांडा, नटबोल्टचा म्हणजे सुटा करून टेम्पोत टाकता येईल. पाड्यावर शिबिर लागेल तेव्हा फुकट नेऊन उभा करीन. ठाण्यात कोणाकडे पाइपचे तुकडे पडून असतील तर सांगा, दुसराही करू.