एका क्रेडिटसाठी अडकलेलं ऑनर्स : माझा अनुभव

सिव्हिल बी.टेक.सोबत कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं ऑनर्स (पदवीला जोडून घ्यायचे जादा विषय) घ्यायचं, तर पदवीच्या क्रेडिटवर आणखी 18 क्रेडिट लागतात. आमच्या स्वायत्त कॉलेजात ती तिसऱ्या सेमिस्टरपासून पुढे वाटलेली होती : सहा विषय, प्रत्येकी 3 क्रेडिटचे. पाच विषय वर्गात बसून झाले, त्यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सहावा, म्हणजे पाचव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट प्लॅनिंग, एनपीटीईएलवरून (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसचा सरकारी उपक्रम) करायची मुभा होती. तो अडकला, आणि ज्या कारणाने अडकला ते जुलैमध्येच, अर्जावर पहिली सही होताना, कुणालाही दिसायला हवं होतं.

एनपीटीईएलचा हिशेब सरळ आहे. 4 आठवड्यांचा कोर्स 1 क्रेडिटचा, 8 आठवड्यांचा 2 चा, 12 आठवड्यांचा 3 चा. मी निवडलेला कोर्स 8 आठवड्यांचा होता. अभ्यासक्रम आमच्या विषयाशी छान जुळत होता : नेटवर्क (कामांच्या क्रमाची आकृती), सीपीएम आणि पर्ट (त्यावरून मुदत काढायच्या दोन पद्धती), रिसोर्स लेव्हलिंग, अर्न्ड व्हॅल्यू, सगळं त्यात होतं. समकक्षतेच्या, म्हणजे ऑनलाइन कोर्स आमच्या विषयाऐवजी धरावा अशा, अर्जावर कोर्सचं नाव, युनिटनिहाय तुलना आणि विभागातल्या को-ऑर्डिनेटरची सही एवढंच मागितलं होतं. किती आठवडे आणि किती क्रेडिट, हा रकानाच त्यात नव्हता. अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिला, सही मिळाली, कागद परीक्षा विभागात गेला. उत्तर आलं सप्टेंबरच्या मध्यावर : ‘क्रेडिट जुळत नाहीत, नामंजूर.’ तोवर असाइनमेंट्स संपत आल्या होत्या आणि 12 आठवड्यांच्या कोर्सची नोंदणी केव्हाच बंद झाली होती.

दहा आठवडे कागद पडून राहिला, त्याचा राग आजही आहे. दोनला तीन म्हणता येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती नोंदणी बंद होण्याआधी झाली तरच उपयोगाची.

पुढे तीन वाटा होत्या. पहिली, जोडीला 4 आठवड्यांचा कोर्स घेऊन 2 अधिक 1 करायचं. आमच्या नियमात एका विषयाला एकच ऑनलाइन कोर्स चालतो, म्हणून ती बंद. दुसरी, विषय पुढच्या वर्षी सातव्या सेमिस्टरला ढकलायचा. पण तिथे प्रोजेक्ट असतो, आणि आठव्याला तर 12 क्रेडिटची इंटर्नशिप, म्हणजे पूर्ण वेळ साइटवर. तिसरी वाट कॉलेजच्या नियमांच्या पुस्तिकेत सापडली : विभाग 1 क्रेडिटचं प्रात्यक्षिक जोडून देऊ शकतो. प्रात्यक्षिकाचे आठवड्याला 2 तास म्हणजे 1 क्रेडिट, 15 आठवड्यांचे 30 तास. मी त्या 30 तासांचा आराखडा स्वतः लिहून नेला : एमएस प्रोजेक्ट या सॉफ्टवेअरवर एका सात मजली इमारतीचं वेळापत्रक, 15 प्रयोग, मूल्यमापनाचे दोन टप्पे. एचओडी सरांनी दोन दिवसांत पुढे पाठवला. बोर्ड ऑफ स्टडीजच्या (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाच्या) अध्यक्षांची आणि डीन मॅडमची सही होऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. आठवड्याला 4 तास बसून नोव्हेंबरअखेर तास भरले.

मग गुणांचा प्रश्न निघाला. एनपीटीईएल 100 पैकी गुण देतं (25 असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे), ग्रेड देत नाही. परीक्षा विभागाने आधी दोन्ही गुणांची साधी सरासरी काढली. खरं तर क्रेडिटच्या वजनाने काढायला हवी : कोर्सला 68 आणि प्रात्यक्षिकाला 80 असतील तर (68 × 2 + 80) ÷ 3, म्हणजे 72, 74 नव्हे. माझे दोन गुण कमी झाले तरी मी बरोबर सूत्रच लिहून दिलं, कारण पुढे कुणी फेरतपासणी केली असती तर पुन्हा सगळं उघडलं असतं. हे सूत्र पहिल्या अर्जातच लिहा.

नोंदणी आणि परीक्षेचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सला नाव घालणं फुकट असतं. परीक्षेचा फॉर्म वेगळा, त्याची फी मी भरली तेव्हा 1,000 रुपये होती, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही स्वतंत्रपणे मिळाले तरच प्रमाणपत्र. 8 आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम 6 असाइनमेंट्स धरतात, 12 आठवड्यांच्याला सर्वोत्तम 8. एखादी बुडाली म्हणून कोर्स सोडू नका.

नावाचं तर आधीच सांगायला हवं होतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आपलं आडनाव पुढे असतं, आधारवर बहुधा शेवटी. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरमधून निघतो आणि आधारचं नाव घेतो. स्वयमच्या (एनपीटीईएलचे कोर्स ज्या पोर्टलवर चालतात त्याच्या) प्रोफाइलमध्ये आणि परीक्षेच्या फॉर्मवर आधारप्रमाणेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने नाव लिहा, नाहीतर क्रेडिट खात्यात जमा होताना अडतं.

आता विषयांच्या क्रमाबद्दल, कारण तो चुकला की अर्ज कितीही नीट भरले तरी उपयोग नाही. क्वांटिटी सर्व्हे आणि एस्टिमेटिंग आधी, प्लॅनिंग नंतर. कामाला लागणारे दिवस म्हणजे परिमाण भागिले रोजचं काम. 60 घनमीटर वीटकाम असेल आणि एक गवंडी रोज 1.25 घनमीटर करत असेल, तर 48 गवंडी-दिवस होतात, चार गवंडी लावले तर 12 दिवस. परिमाण काढता येत नसेल तर नेटवर्कमधला प्रत्येक आकडा अंदाजपंचे होतो, आणि त्यातून निघालेला क्रिटिकल पाथ (प्रकल्पाची मुदत ठरवणारी कामांची साखळी) साइटवर कुणी वाचत नाही.

काँक्रीट टेक्नॉलॉजीही प्लॅनिंगच्या आधीच झालेली हवी. आयएस 456 प्रमाणे स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवस आणि त्यापुढे 14 दिवस ठेवावे लागतात. तुळईला 6 मीटरपर्यंत 14 आणि पुढे 21. खालच्या मजल्याचं वीटकाम टेकू निघाल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून हे दिवस वेळापत्रकात लॅग, म्हणजे दोन कामांमधली सक्तीची थांब, म्हणून टाकायचे. इथेच बहुतेकांचं चुकतं. एमएस प्रोजेक्टचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार असतं. त्यात 14 दिवसांचा लॅग दिला की तो कामाचे दिवस मोजतो आणि 14 चे निदान 18 होतात. काँक्रीटला रविवारची सुट्टी नसते. म्हणून लॅग सलग दिवसांत द्या, 14 च्या पुढे ‘डी’ऐवजी ‘ईडी’ लिहून. आणि कॅलेंडर आधी सहा दिवसांच्या आठवड्याचं करून घ्या, कारण आपल्या साइट्स शनिवारी चालू असतात.

मॅनेजमेंटच करायचं आहे म्हणून आरसीसी डिझाइन हलकं घेणारे बरेच आहेत. तो निर्णय मला पूर्ण चुकीचा वाटतो. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांची लांबी, आकार आणि संख्या यांचा तक्ता, वाचता आलं नाही तर बिल तपासता येत नाही, आणि साइटवर पहिल्याच महिन्यात ते काम अंगावर येतं. काँट्रॅक्ट्सचा विषय मात्र सहाव्या किंवा सातव्या सेमिस्टरला ठेवा. एस्टिमेटिंग आणि प्लॅनिंग झाल्यावर मुदतवाढ, एस्कलेशन (भाववाढीची भरपाई), मोजमापावरचे वाद हे सगळं कशाबद्दल आहे ते कळतं. त्याआधी घेतला तर 1872 चा करार कायदा आणि 1996 चा लवाद कायदा नुसती पाठांतराची कलमं उरतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तिसऱ्या सेमिस्टरला ऑनर्सचा विषय घेण्याआधी गणिताकडे बघावं. पहिल्या वर्षाचं गणित वर्गात न होताच तिसरं गणित समोर येतं. आमच्याकडे ऑनर्ससाठी बॅकलॉग नसण्याची अट होती, आणि गणितात एटीकेटी लागली की ऑनर्सचं नाव कटतं. अशांनी को-ऑर्डिनेटरना विचारून पहिला विषय चौथ्याला सरकवता येतो का ते बघावं. माझ्या दोन वर्गमित्रांना लेखी अर्जावर ती परवानगी मिळाली, तोंडी विचारणाऱ्याला नाही मिळाली.

माझी सहाव्या विषयाची ग्रेड गुणपत्रिकेवर आली फेब्रुवारीत, बाकीच्या निकालानंतर. अर्जाच्या प्रत्येक पानावर आवक क्रमांक आणि तारीख घेऊन झेरॉक्स ठेवल्या होत्या, त्यामुळे जुलैचा अर्ज सप्टेंबरपर्यंत कुठे होता हे दाखवता आलं. पुढच्या वर्षीच्या अर्जात आठवड्यांचा आणि क्रेडिटचा रकाना आला आहे.