आमची वाटचाल : मिनिटांच्या ताळ्यापासून पोर्टच्या हिशेबापर्यंत

इंटरकनेक्टच्या, म्हणजे दोन टेलिफोन कंपन्यांची नेटवर्क जिथे जोडली जातात त्या जोडणीच्या, वादांत तांत्रिक पुरावा तयार करणं हे आमच्या छोट्या कंपनीचं काम. त्याची दिशा बदलत गेली ती दूरसंचार नियामक ट्रायच्या दरांमुळे. दुसऱ्याच्या नेटवर्कमधून आलेला मोबाइल कॉल उतरवून घेण्याचा दर मार्च २०१५ मध्ये मिनिटाला २० पैशांवरून १४ वर आला, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ वर, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य.

दर होता तोवर भांडण मिनिटांचं होतं. दोन्ही बाजूंचे सीडीआर (प्रत्येक कॉलची नोंद) समोरासमोर ठेवले की फरक निघतोच. आधी एक्स्चेंजची घड्याळं जुळवायची, मग महिनाअखेरची मध्यरात्र ओलांडणारे कॉल वेगळे काढायचे. लांबलेल्या कॉलचे तुकड्यांत पडलेले रेकॉर्ड सांधले नाहीत, तर एकच कॉल चारदा मोजला जातो. कधी नवा ट्रंक ग्रुप, म्हणजे दोन एक्स्चेंजमधल्या लाइनींचा गट, बिलिंगमध्ये भलत्याच दराखाली चढलेला असतो. एवढं वजा केल्यावर जे उरतं, तो खरा वाद.

आता तक्रारी जास्त करून पोर्ट, म्हणजे दोन नेटवर्क जोडणाऱ्या जागा, अपुरे असल्याच्या. एका ई-१ वर (अशा जोडणीच्या प्रमाणित डिजिटल लाइनवर) बोलण्याचे ३० चॅनल. गर्दीच्या तासाला ०.५ टक्के कॉल अडतील असं धरलं, तर कॉलच्या गर्दीचं गणित मांडणाऱ्या अर्लांग-बी सूत्राप्रमाणे ते सुमारे १९ अर्लांग पेलतात (एक अर्लांग म्हणजे एक चॅनल तासभर सतत भरलेला). पण अडलेला माणूस पुन्हा पुन्हा डायल करतो. ते सगळे प्रयत्न नवी मागणी म्हणून मोजले, की तुटवडा फुगतो. शिवाय कॉल का तुटला याची एक्स्चेंज जी नोंद करतं, त्यातला कारण क्रमांक ३४, म्हणजे सर्किट मोकळं नाही, तेवढाच धरायचा. १७ (समोरचा व्यस्त) आणि १९ (उचलला नाही) हे गर्दीचे नव्हेत.

किती कॉल अडले तर चालतील, याची फूटपट्टी ट्राय ठरवते. कंपन्यांमधला वाद ट्राय कायद्याच्या २००० च्या दुरुस्तीपासून टीडीसॅट हे दूरसंचार न्यायाधिकरण ऐकतं. ट्रायचं नियमनच अवैध म्हणायचं, तर उच्च न्यायालयात जावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. तरीही ‘दर अन्यायकारक आहे’ असं अहवालात लिहून द्या म्हणणारे भेटतात. तो तज्ज्ञाचा प्रांतच नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो, हॅशसह (हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा). म्हणून सर्व्हरवरून फाइल काढतानाच हॅश घेतो. ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, की नंबरांचे सुरुवातीचे शून्य गळतात, पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात आणि हॅश जुळत नाही. उघडायची ती नक्कल.