बदलीवरचा माणूस

2014 च्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. पिट्सबर्गला येऊन मला दीड वर्ष झालं होतं. शेजारच्या आजोबांच्या घरी बसून मी इथल्या स्टीलर्स संघाचा सामना बघत होते. हे आजोबा होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात होते. 1986 साली तो बंद पडेपर्यंत तिथेच राबले. अमेरिकन फुटबॉल मला शिकवला तो त्यांनी.

त्या दिवशी लेव्हिऑन बेलच्या गुडघ्यावर समोरचा खेळाडू आदळला आणि गुडघा उलटा वाकला. स्टीलर्सनी सामना जिंकला, पण आजोबांचं तिकडे लक्षच नव्हतं. "याच्या मागे कोण आहे?" एवढंच ते दोनतीनदा म्हणाले.

बेल हा रनिंग बॅक. क्वार्टरबॅककडून, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूकडून, चेंडू घ्यायचा आणि अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांतून वाट काढत पळायचं, हे त्याचं काम. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, म्हणून तीनतीन, चारचार यार्डांनाही मोल असतं. त्या वर्षी बेलने धावून 1,361 यार्ड काढले होते आणि झेल घेऊन आणखी 854. एवढा मोठा भार एका माणसावर, आणि प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना सहा दिवसांवर.

बेलच्या जागी खेळणारं मागे कोणी नव्हतं असं नाही. लेगॅरेट ब्लाउंट नावाचा दणकट गडी होता. पण नोव्हेंबरमध्ये टेनेसीच्या सामन्यात बेल 204 यार्ड धावला आणि ब्लाउंटच्या हाती एकदाही चेंडू आला नाही. सामना संपायच्या आतच तो मैदान सोडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी संघाने त्याला काढलं आणि दोन दिवसांत न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सनी घेतलं.

आता पिट्सबर्गकडे उरली दोन नवखी पोरं. घाईघाईने बेन टेटला बोलावलं. त्याला संघात येऊन चार दिवस झाले होते. 3 जानेवारीला बाल्टिमोरच्या रेव्हन्सविरुद्ध क्वार्टरबॅकने त्याच्याकडे टाकलेला चेंडू त्याच्या हातांना लागून उडाला आणि रेव्हन्सच्या टेरेल सग्जने पकडला. 30-17 ने हार. आणि ब्लाउंट? पंधरा दिवसांनी कोल्ट्सविरुद्ध तो 148 यार्ड धावला, तीन टचडाऊन केले, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि पुढे सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

मला त्या रात्री माझे आजोबा आठवले. लालबागच्या एका गिरणीत ते सहा वर्षं बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी बदली पास घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम माणूस आला नाही तर आत, नाहीतर परत घरी. आत गेलं तरी साचे, म्हणजे माग, दुसऱ्याचे. कुठला सूत तोडतो, कुठला रुसतो, हे कोणी सांगत नाही, आणि कापड मात्र कायम माणसासारखंच निघालं पाहिजे. चार दिवसांत आलेल्या टेटला दोष द्यायला मला जमलं नाही, ते त्यामुळेच.

बदलीच्या रनिंग बॅकचंही असंच. सरावातली बहुतेक आवर्तनं पहिल्या खेळाडूची, बदलीवाल्याने बाजूला उभं राहून बघायचं. शिवाय नुसतं पळता येऊन भागत नाही. सगळ्यात अवघड काम चेंडू हातात नसतानाचं असतं. समोरून जादा माणसं क्वार्टरबॅकवर धावून येतात, त्याला ब्लिट्झ म्हणतात. कोण कुठून घुसणार हे क्षणात ओळखून त्याला छातीवर अडवायचं. इथे चूक झाली तर संघाचा सगळ्यात महागडा माणूस जायबंदी होतो. तरण्या पोरांचे पाय पळतात, पण ही नजर यायला वर्षं लागतात. नजर असलेले बहुतेक थकलेले असतात. संघात जागा 53 आणि पगाराला कमाल मर्यादा, त्यामुळे बाकावरच्या माणसासाठी फार पैसेही मोजता येत नाहीत.

2015 च्या मार्चमध्ये स्टीलर्सनी डिअँजेलो विल्यम्सला घेतलं, तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. या जागेवर तिशी म्हणजे उतार. नऊ वर्षं कॅरोलायनासाठी खेळून तो तिथला सर्वाधिक धावलेला खेळाडू झाला होता आणि आता इथे दुसरा म्हणून आला. आदल्याच वर्षी त्याची आई 53 व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली होती, तिच्यासाठी तो केसांना गुलाबी रंग लावायचा.

1 नोव्हेंबरला बेलचा गुडघा पुन्हा गेला, या वेळी हंगामभरासाठी. पुढच्या रविवारी रेडर्सविरुद्धच्या सामन्याचं तिकीट माझ्या ऑफिसातल्या एकीने मला दिलं. सगळीकडे स्टीलर्सच्या चाहत्यांचे पिवळे टॉवेल फिरत होते. मी मात्र विल्यम्सच्या 34 नंबरवरून डोळे हलवले नाहीत. विल्यम्स घाई करत नव्हता. फट दिसेपर्यंत थांबायचा आणि मग एकदम सुटायचा. त्या दिवशी तो 170 यार्ड धावला. शेवटाकडे क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरही पायाला लागून बाहेर गेला, त्याच्या जागी आलेल्या लँड्री जोन्सने संघाला पुढे नेलं आणि सामना 38-35 असा जिंकला. दोन बदलीवरची माणसं एका दुपारी! मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

त्या हंगामात विल्यम्सचे 907 यार्ड आणि धावून 11 टचडाऊन झाले. पण शेवटच्या साखळी सामन्यात त्याचा पाय दुखावला, आणि प्लेऑफला पाळी आली तिसऱ्याची. सरावाच्या ताफ्यातून वर आलेला फिट्झगेराल्ड टूसांट सिनसिनाटीत छान खेळला. डेन्व्हरमध्ये चौथ्या सत्रात पिट्सबर्ग 13-12 असं पुढे असताना त्याच्या हातून चेंडू निसटला. डेन्व्हरने 23-16 ने जिंकून पुढे सुपर बोलही घेतला. मला आजही त्या पोराबद्दल वाईट वाटतं. लोकांना तो एक चेंडू आठवतो, सिनसिनाटीच्या रात्रीचं नावही कोणी काढत नाही.

2018 मध्ये बेल करारावरून अडून बसला आणि वर्षभर आलाच नाही. जागा मिळाली जेम्स कॉनरला. तो इथल्याच विद्यापीठाचा, स्टीलर्सच्याच मैदानावर खेळलेला, आणि विद्यार्थी असतानाच कर्करोगातून बरा झालेला. पहिल्याच सामन्यात क्लीव्हलंडमध्ये तो 135 यार्ड धावला, पण आघाडीवर असताना त्याच्याही हातून चेंडू सुटला आणि सामना 21-21 बरोबरीत गेला. मला वाटलं, संपलं याचं. शेजारचे आजोबा म्हणाले, "पुढच्या रविवारी पहिला चेंडू त्यालाच द्यायला हवा." संघाने विश्वास ठेवला. त्या हंगामात कॉनरने धावून 12 टचडाऊन केले.

डिसेंबरात कॉनर जखमी झाला, तेव्हा त्या वर्षीच आलेला जेलन सॅम्युअल्स पेट्रियट्सविरुद्ध 142 यार्ड धावून गेला. तो सामना स्टीलर्सनी 17-10 ने जिंकला. दुसऱ्या दिवशी फोनवर मी बाबांना ही सगळी हकीकत उत्साहाने सांगितली. त्यांना या खेळातलं काही कळत नाही. ते शांतपणे ऐकत होते.

"मग कायम केलं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "कॉनर बरा होतोय."

"हं," बाबा म्हणाले, "तुझ्या आजोबांना सातव्या वर्षी केलं."