व्हिडिओ दाखवायची परवानगी: कोकणात प्रदर्शन मांडताना आलेला माझा अनुभव

कोकणातल्या एखाद्या गावात व्हिडिओचं प्रदर्शन मांडायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी सभागृहाचा अर्ज द्या. फ्रेमा, प्रोजेक्टर, निमंत्रणपत्रिका, सगळं होतं वेळेवर. परवानगीचं तसं नसतं.

मी व्हिडिओ आणि कोलाज (कागदाचे तुकडे कापून-चिकटवून केलेली चित्रं) करते. सिंधुदुर्गातल्या कलाकारांचा आमचा एक गट आहे. कुणी मालवणचं, कुणी कुडाळ-सावंतवाडीकडचं, दोघं सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयातून शिकून आलेले. गट करून चित्रं मांडायची पद्धत आपल्याकडे जुनीच. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्यातले सूझा तर शेजारच्या गोव्याचे. आमचं कारण साधं आहे. एकट्याला प्रोजेक्टरचं भाडं झेपत नाही आणि एकट्याच्या कामाने भिंतीही भरत नाहीत. गेल्या हंगामात आमची दोन प्रदर्शनं झाली. पहिलं एका मित्राच्या जुन्या घरात, पडवीत आणि माजघरात. घरातली माणसं मुंबईला, घर एरवी बंदच. किल्ली मिळाली, मांडलं, लोक आले, छान झालं.

दुसरं सार्वजनिक सभागृहात घ्यायचा आग्रह माझा होता. घरातल्या प्रदर्शनाला ओळखीपाळखीचेच लोक येतात. हे सभागृह एसटी स्टँडपासून जवळ, मासळी बाजाराच्या वाटेवर आहे. बाजार करून परतणारी बाई हातातल्या पिशवीसकट आत शिरेल, अशी ती जागा. आणि मला तीच बाई हवी होती, कारण माझा मुख्य व्हिडिओ रापणीचा आहे. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. मी कॅमेरा पुळणीत एका जागी लावला आणि हलवला नाही. ओढणाऱ्यांच्या टाचा वाळूत रुततात, सरकतात, पुन्हा रुततात. दोराचं पाणी पोटऱ्यांवरून निथळतं. बावीस मिनिटं एवढंच. आवाज समुद्राचा आणि मधूनच कुणीतरी घातलेल्या हाळीचा. ज्यांचं हे रोजचं आहे त्यांनी ते भिंतीएवढं झालेलं बघावं, ही माझी फार इच्छा होती.

सभागृहाचा अर्ज छापील मिळतो. कुठल्या कार्यालयाचा ते लिहीत नाही, कारण तिथली माणसं बदलतील आणि अर्ज तोच राहील. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात लग्न-मुंज, सभा, नाटक-वाद्यवृंद, लोककला, प्रदर्शन व विक्री, सिनेमा, असे पर्याय. आम्ही प्रदर्शनावर खूण केली, शेजारी 'विक्री नाही' असं लिहिलं आणि तपशिलात कोलाज, छायाचित्रं, तीन व्हिडिओ, असं भरलं. खिडकीतल्या गृहस्थांनी कोलाजबद्दल काही विचारलं नाही. त्यांचं बोट व्हिडिओवर येऊन थांबलं.

"पडद्यार दाखवतलास?"

"भिंतीवर. प्रोजेक्टरने."

"मगे ह्यो सिनेमाच झालो, मॅडम. सेन्सॉरचा सर्टिफिकेट व्हया."

माणूस उर्मट नव्हता, हे मुद्दाम सांगते. शांतपणे बोलत होते. मी त्यांना सगळं समजावलं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, खेळाची वेळ नाही. व्हिडिओ दिवसभर फिरत राहतो, माणूस येतो, दोन मिनिटं उभा राहतो, वाटलं तर वीस मिनिटं थांबतो, निघून जातो. ज्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचं नाव तिथे निघत होतं तो 1952 चा. कलाकारांनी टीव्हीचे संच प्रदर्शनात मांडले ते त्यानंतर. नाम जून पाइक या कोरियन कलाकाराचं जर्मनीत वुपरटालला झालेलं टीव्ही संचांचं प्रदर्शन 1963 चं आहे. आपल्याकडे चित्रकार नलिनी मलानी नव्वदच्या दशकापासून व्हिडिओत काम करत आल्या आहेत. म्हणजे ही काही मी काल काढलेली टूम नव्हे. पण हे खिडकीत उभं राहून, मागे दाखले घ्यायला आलेल्यांची रांग असताना, कसं सांगायचं?

म्हणून मी घरचं उदाहरण दिलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत रामायण-महाभारताची आख्यानं गातात. ही परंपरा आणि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या परशुराम गंगावण्यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला होता. एकामागून एक चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपल्या मातीतलंच आहे, मी तरी वेगळं काय करतेय?

ते म्हणाले, "ता लोककलेत बसता. तुमचा ह्या खंय बसवू?"

इथून जे सुरू झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. आधी सांगितलं, पोलीस ठाण्याचा अभिप्राय आणा. ठाण्यात म्हणाले, कार्यालयाचं पत्र येऊ दे, लगेच देतो. कार्यालयात म्हणाले, अभिप्राय आल्याशिवाय पत्र निघत नाही. साहेबांना भेटावं तर साहेब व्हिडिओ कॉन्फरन्सवर, नाहीतर दौऱ्यावर. एका टेबलावर व्हिडिओची संहिता मागितली, तीन प्रतींत. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते हे मला माहीत आहे, पण रापणीची संहिता कुठून आणू? पुढच्या टेबलावरच्या बाईंना संहिता नको होती, त्यांना व्हिडिओतल्या प्रत्येक माणसाचं संमतिपत्र हवं होतं. ते माझ्याकडे होतं. सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या, काहींनी अंगठे. ते पुढे ठेवल्यावर त्या म्हणाल्या, हे इथे लागत नाही, साहेबांकडे द्या.

आणि हे सगळं तोंडी. कागदावर एक ओळ नाही. आमची तारीख नोंदवहीत पेन्सिलने लिहिलेली होती, आणि त्याच तारखेला एका लग्नवाल्यांनी विचारून ठेवलं होतं. त्यांची खूण 'लग्न-मुंज'वर, म्हणजे त्यांचं काम एका सहीचं. पत्रिका छापायला टाकायची वेळ येऊन ठेपली होती. गटातले बाकीचे म्हणायला लागले की व्हिडिओ वगळूया, नुसती चित्रं लावूया, परवानगी आज मिळेल. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांची कामं माझ्यामुळे अडली होती. पण व्हिडिओ वगळायचा तर मग मी सभागृह मागितलंच कशाला?

मार्ग दाखवला गटातल्या एकाच्या वडिलांनी. ते दुसऱ्या एका खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना भाईकाका म्हणतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजपासून त्या ऑफिसात तोंडाने काही बोलायचं नाही. बोलशील ते कागदावर." मग त्यांनी शेजारी बसून पत्र लिहून घेतलं. वर विषय, खाली संदर्भ म्हणून मूळ अर्जाची तारीख. पहिल्या परिच्छेदात काय दाखवणार, किती मिनिटांचं, विनातिकीट, नट नाहीत, निवेदन नाही, ध्वनिमुद्रित गाणी नाहीत. दुसऱ्या परिच्छेदात एकच विनंती: यासाठी प्रमाणपत्र लागत असल्यास ते कोणत्या नियमान्वये लागतं, हे लेखी कळवावं. सोबत प्रत्येक व्हिडिओतली चार-चार छायाचित्रं छापून एक पान. शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून वरच्या कार्यालयाचं नाव, आणि ती प्रत खरोखरच रजिस्टर पोस्टाने पाठवली.

आवक-जावकच्या टेबलावर पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे भाईकाकांनी दोनदा बजावलं होतं. "ठेवून जा, नंतर चढवतो" असं तिथे म्हणालेच. मी थांबले. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी बाकावर बसून राहिले. पोच हातात पडली तेव्हा मला अर्धं प्रदर्शन झाल्यासारखं वाटलं.

प्रमाणपत्र लागतं, असं कुणीही लिहून दिलं नाही. फाइल मात्र हलली. 'चित्रप्रदर्शनाचा भाग म्हणून' असा शेरा पडला आणि परवानगी निघाली. अटी अशा: तिकीट लावायचं नाही, भिंतींना खिळे मारायचे नाहीत, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही. सगळ्या मान्य. पोलीस ठाण्याला त्या परवानगीची प्रत दिली, त्यांनी पोच दिली, तिथलं कामही संपलं. पत्र हातात आलं ते उद्घाटनाच्या आदल्या दुपारी. कोलाज रात्रभर जागून लावले, खिळे नाहीत म्हणून छताच्या पाइपाला नायलॉनची दोरी बांधून. मला स्वतःचा इतका अभिमान फार कमी वेळा वाटला आहे.

तुमच्या व्हिडिओत कथा असेल, नट असतील, सिनेमातली गाणी असतील, तर माझ्या अनुभवावर विसंबू नका, आधी वकिलाला विचारा. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न तर वेगळाच आहे.

हक्कांवरून आठवलं, कोलाजवाल्यांनी हे लक्षात ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. चित्राचा हक्कही चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं खुशाल कापा, पण एखादं अलीकडचं कॅलेंडर कापताना विचार करा. मी बहुतेक घरातलेच कागद वापरते. मनीऑर्डरच्या पावत्या, एसटीची पंच मारलेली तिकिटं, आणि कालनिर्णयची पानं, ज्यांवर आईने दुधाचे खाडे मांडून ठेवलेत. एका कोलाजात नुसते खाडेच आहेत, अनेक वर्षांचे, एकावर एक. प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळ लोक त्याच्यासमोर उभे होते.

कोकणात कागदाला दोन शत्रू, बुरशी आणि कसर. गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद घाला, बाइंडिंगवाले घालतात तसं. ते विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा आणि हात धुवा. काच किंवा अॅक्रिलिक थेट कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि मग सुटत नाही. पावसाळ्यात तर प्रदर्शन मांडूच नका.

प्रोजेक्टरला यूपीएस लावा, इन्व्हर्टर असला तरी. वीज झटक्यात गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा थंड होत नाही. आमच्याकडे वीज जायचीच. पेनड्राइव्ह एफएटी-32 फॉरमॅटचा असेल तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हे घरून निघायच्या आधी तपासा. खिडक्यांना काळं कापड लावायला मंडप-डेकोरेटरला सांगा, त्यांच्याकडे असतं आणि खिळ्याशिवाय बांधायचं त्यांना जमतं. दोन व्हिडिओ शेजारी असतील तर एकाला हेडफोन लावा.

लोक आले. बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका आल्या, पिशव्या दाराशी ठेवून आत उभ्या राहिल्या. एक रापणकर आजोबा बराच वेळ बघत होते, मग मला म्हणाले, उजव्या बाजूचो दोर ढिलो सोडलो हा, म्हणान जाळा वाकडा येता. मी तो व्हिडिओ एडिट करताना कितीदा बघितला होता, मला ते कधी दिसलं नव्हतं. नंतर ते मुलाला घेऊन परत आले आणि त्याला तो दोर दाखवला.

डिपॉझिट परत घेताना मूळ पावतीच लागते, झेरॉक्स चालत नाही. शिवाय पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि सभागृहाच्या शिपायाची 'नुकसान नाही' अशी सही. ती सही त्याच दिवशी घ्या. पुढच्या हंगामासाठी त्याच सभागृहाचा अर्ज आम्ही देऊन ठेवला आहे, या खेपेला मागच्या परवानगीची प्रत जोडून. खूण प्रदर्शनावरच केली आहे, आणि पोच माझ्या फाइलमध्ये आहे.