चित्रपुस्तकाची संहिता स्पर्धेला पाठवण्याआधी

अप्रकाशित चित्रपुस्तकांच्या पुरस्कारासाठी बऱ्याचदा नुसती संहिता मागवतात, चित्रं नाहीत. मग लेखक धास्तावतो आणि सगळं शब्दांतच सांगून टाकतो. 'बाहेर धो धो पाऊस पडत होता. लाल फ्रॉक घातलेली मिनू दारातच थांबली.' पाऊस आणि फ्रॉक हे चित्रकाराचं काम. ते शब्दांतून वगळलं की उरतं 'मिनू दारातच थांबली', आणि ती का थांबली हे मूल चित्रात शोधू लागतं. चित्रासाठी सूचना लिहायचीच तर शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरंच दाखवतं, अशा ठिकाणीच. उदाहरणार्थ आजी म्हणते 'घरात कुणी नाही', आणि पलंगाखालून शेपटी डोकावते.

पुस्तक सहसा 32 पानांचं असतं, कारण छपाईचा कागद दुमडून 8 किंवा 16 पानांचे फर्मे (एकत्र शिवायचे गट) होतात. शीर्षक, श्रेयनामावली वगळता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या 12 ते 14 जोड्या मिळतात. कोरे 8 कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, की 32 पानांची डमी, म्हणजे नमुन्याचं पुस्तक, तयार. संहितेच्या ओळी कापून तिच्यात चिकटवा आणि मोठ्याने वाचत पानं उलटा. माझ्या मते याला पर्याय नाही, खरे दोष इथेच दिसतात. सलग तीन जोड्यांवर पात्रं एकाच जागी बोलत बसली असतील, तर चित्रकार तेच चित्र तीनदा काढणार. 'पेटीत काय होतं?' हा प्रश्न डाव्या पानावर असेल, तर उजवीकडचं चित्र उत्तर आधीच फोडतं. प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी हवा.

शब्दमर्यादा दिली नसली तरी 500च्या आत राहा.

परीक्षण निनावी असेल तर पहिल्या पानावरून नाव काढून भागत नाही. फाइलच्या नावात आणि प्रॉपर्टीजमध्ये ते राहून जातं. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा होतो. फेसबुकवर टाकलेली गोष्टही काही ठिकाणी 'प्रकाशित' धरतात, आधी विचारून घ्या. आणि हक्कांचं कलम नीट वाचा. आयोजक फक्त विजेत्या संहितेचे हक्क मागत असतील तर ठीक, आलेल्या सगळ्याच संहितांचे मागत असतील तर पाठवू नका.